गच्चीवरच्या पाण्याचा भिंतीवरचा फिल्टर: काय जमते, कुठे फसतो

गच्चीवरून उतरणाऱ्या पाइपला जोडायचे जे फिल्टर हल्ली हार्डवेअरच्या दुकानात आणि ऑनलाइन मिळतात, त्यांच्याबद्दलचा निकाल आधीच सांगून टाकतो. वस्तू कामाची आहे, पैसे वाया जात नाहीत, पण खोक्यावर छापलेले अर्धेच खरे धरायचे. पाने, काड्या, शेवाळाचे पापुद्रे, पिसे, वाळूचे जाड कण हे सगळे तो अडवतो. पाण्याचा गढूळपणा आणि जंतू अडवत नाही. ‘शुद्ध पाणी थेट टाकीत’ असे लिहिलेले असेल तर त्यातला ‘शुद्ध’ खोडून वाचावा.

बाजारात याची दोन घराणी आहेत. पहिला साधा प्रकार म्हणजे उभा प्लास्टिकचा डबा, आत एकात एक बसणाऱ्या दोन जाळ्या. पाणी वरून येते, जाळीतून गाळून बाजूच्या तोंडाने टाकीकडे जाते आणि कचरा डब्यातच तळाला साठतो. तळाशी फिरकीचे झाकण किंवा व्हॉल्व्ह असतो, तो उघडून साफ करायचा. दुसरा प्रकार कचरा स्वतःच बाहेर टाकतो. यात पाणी डब्याच्या आतल्या भिंतीला धरून गोल फिरत उतरते, भिंतीलगतच्या स्टीलच्या जाळीतून बाहेरच्या कप्प्यात जाते आणि केरकचरा थोड्या पाण्यासकट मधल्या भोकातून खाली पडतो. पहिला दोन-चार हजारांत येतो, दुसऱ्याला सहज तिप्पट-चौपट मोजावे लागतात. गच्चीवर झाडाची सावली पडत असेल, किंवा साफ करायला दर आठवड्याला कोणी वर हात घालणार नसेल, तर दुसराच घ्यावा. लहान बैठे घर, उघडी गच्ची आणि घरात एक तरी शिस्तीचा माणूस असेल तर पहिला पुरतो.

दोन्हींच्या जाळीची छिद्रे साधारण २०० ते ४०० मायक्रॉनची, म्हणजे ०.२ ते ०.४ मिमी. मातीचे चिकण कण दोन मायक्रॉनपेक्षा बारीक आणि जिवाणू एखाद-दुसऱ्या मायक्रॉनचे. जाळीतून ते आरामात पार होतात. जाळी नुसती ‘स्टेनलेस’ आहे यावर समाधान मानू नका, स्टील ३०४ ग्रेडचे आहे की ३१६ चे ते विचारा. समुद्रकाठच्या गावात, मालवण-रत्नागिरीकडे, खाऱ्या वाऱ्यात ३०४ लाही तांबूस ठिपके येतात. तिथे ३१६ चे जास्तीचे पैसे द्यावेत. पुण्या-नाशकाला ३०४ पुष्कळ झाली.

आता मापाची गोष्ट, कारण निम्म्या तक्रारी इथूनच सुरू होतात. खोक्यावर ‘१,५०० चौरस फुटांसाठी’ असे असते. पण हे किती जोराच्या पावसाला, ते कुठेच नसते. हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिमी पाऊस पडला की एक लिटर पाणी. हजार चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर. ताशी ६० मिमीच्या जोराने पाऊस कोसळत असेल तर या गच्चीवरून मिनिटाला ९३ लिटर पाणी उतरते. ताशी १०० मिमीची सर आली, आणि कोकणात, घाटमाथ्यावर, मुंबईत ती येतेच, तर मिनिटाला १५५ लिटर. म्हणून दर १०० चौरस फुटांना मिनिटाला १५ लिटर एवढे गणित डोक्यात ठेवावे आणि दुकानदाराला चौरस फूट न विचारता ‘मिनिटाला किती लिटर’ असे विचारावे. त्याला सांगता आले नाही तर माहितीपत्रक मागावे. त्यातही आकडा नसेल तर तो फिल्टर ठेवून द्यावा.

गच्चीला दोन-तीन उतरते पाइप असतील तर एक मोठा फिल्टर बसवण्यापेक्षा प्रत्येक पाइपाला एक छोटा बरा. सगळे पाइप आडव्या नळीने एकत्र आणायला गेले की त्या आडव्या नळीत गाळ बसतो, ढाळ चुकतो आणि वर गच्चीवर तळे होते. आडवी नळी टाळता येत नसेल तर दर मीटरला किमान एक सेंटिमीटर ढाळ आणि प्रत्येक वळणावर साफसफाईचे झाकण हवेच.

बसवल्यावर माप खरे निघाले का, हे पहिल्या मोठ्या सरीत तपासता येते. टाकीकडच्या तोंडाशी २० लिटरची बादली धरा. दहा सेकंदांत भरली तर मिनिटाला १२० लिटर मिळतात. त्याच वेळी कचऱ्याच्या तोंडातून किती जाते तेही बघा. स्वतः साफ होणाऱ्या फिल्टरमधून थोडे पाणी कचऱ्याबरोबर जाणारच, ती त्याची रीत आहे. पण अर्धे तिकडूनच वाहत असेल तर एक तर जाळी तुंबली आहे किंवा डबा गच्चीला लहान पडतोय.

बसवताना प्लंबर काय घोटाळे करतात तेही सांगायला हवे. पहिला घोटाळा सॉल्व्हंटचा. फिल्टर पाइपाला कायमचा चिकटवून टाकला की पुढच्या वर्षी तो काढायला करवत लागते. फिल्टरच्या वरचा आणि खालचा सांधा रबरी रिंगचाच हवा, आणि वजन सांध्यावर येऊ नये म्हणून वर-खाली एकेक क्लॅम्प. दुसरा घोटाळा उंचीचा. साफ करताना हात पोचावा म्हणून फिल्टर जमिनीपासून चार-पाच फुटांवर असावा, पण त्याचे टाकीकडचे तोंड टाकीच्या तोंडापेक्षा वरच राहिले पाहिजे. टाकी उंच ओट्यावर असेल तर आधी टाकीचे तोंड मोजा, मग भिंतीवर खूण करा. तिसरा घोटाळा फक्त गोल फिरवणाऱ्या फिल्टरचा. त्याच्या डोक्यावर लगेच एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, आला तर पाणी एकाच बाजूने कोसळते, फिरतच नाही, आणि अर्धी जाळी कोरडी राहते. वर किमान एक मीटर पाइप सरळ हवा आणि डबा ओळंब्यात हवा. कलंडलेला डबा दिसायला किरकोळ वाटतो, पण त्यात पाणी आपले सोपी बाजू धरते.

कचऱ्याचे तोंड सांडपाण्याच्या बंद नळीत थेट खुपसू नका. झुरळे आणि वास त्याच वाटेने टाकीपर्यंत चढतात. नळीच्या तोंडाशी चार बोटे मोकळी हवा सोडा, किंवा सरळ बागेत सोडा.

टाकीत उतरणारा पाइप तळापर्यंत न्या आणि त्याच्या टोकाला वर तोंड केलेला एल्बो लावा. पाणी वर उसळते आणि तळाचा गाळ ढवळला जात नाही. एवढ्याशा एल्बोने टाकीतले पाणी जितके नितळ राहते, तितके महागातल्या जाळीनेही राहत नाही. टाकीच्या ओव्हरफ्लोला डासांची जाळी लावायला विसरू नका, आणि टाकीला उजेड लागू देऊ नका. उजेड लागला की शेवाळ आलेच.

आता ‘फर्स्ट फ्लश’बद्दल, कारण यावर दुकानदार खूप बोलतात. पहिल्या पावसात गच्चीवरची धूळ, विष्ठा, वाळका पाला सगळे धुऊन येते, ते टाकीत जाऊ नये ही कल्पना बरोबरच आहे. पण फिल्टरसोबत जी मीटरभर ११० मिमीची बंद नळी ‘फर्स्ट फ्लश’ म्हणून मिळते, तिच्यात जेमतेम साडेआठ लिटर पाणी मावते. हजार चौरस फुटांच्या गच्चीवरचा नुसता पहिला एक मिमी धरला तरी ९३ लिटर होतात. म्हणजे अशा अकरा नळ्या लागतील. १६० मिमीचा पाइप घेतला तरी पाच मीटर हवा, आणि तळाला बारीक गळती ठेवली नाही तर एकदा भरला की तो भरलेलाच राहतो, दुसऱ्या सरीला उपयोगाचा उरत नाही. त्या नळीचे पैसे वाचवा आणि फिल्टरच्या आधी एक टी (तीन तोंडांचा जोड) व बॉल व्हॉल्व्ह टाकून बगल-वाट करा. वळीव आणि मृगातल्या पहिल्या दोन-तीन दणदणीत सरी या वाटेने सोडून द्या, मग व्हॉल्व्ह बंद. मध्ये आठ-दहा दिवसांची उघडीप पडली की पुन्हा दहा-पंधरा मिनिटे सोडा. हाताने करायचे काम आहे, पण बिनचूक होते.

खरे तर फिल्टरच्या यशाचा निर्णय गच्चीवरच होतो. पाण्याच्या तोंडाशी सपाट जाळी असेल तर एक बदामाचे पान आडवे पडले की सगळे तुंबते. घुमटाकार जाळी बसवावी, पानाला तिच्यावर चिकटून बसता येत नाही. वॉटरप्रूफिंगचा रंग सोलवटलेला असेल तर त्याचे पापुद्रे सगळ्यात वाईट. ते लवचीक असतात आणि जाळीवर पट्टीसारखे बसतात. नव्या कोब्याच्या गच्चीवरून पहिले वर्ष-दोन वर्षे चुना उतरतो आणि जाळीवर पांढरट थर धरतो. तो काढायला जाळी अर्धा तास व्हिनेगरमध्ये बुडवून नायलॉनच्या ब्रशने घासायची. संडास-बाथरूमचे ॲसिड अजिबात नको. त्यातले क्लोराइड स्टीलला बारीक खड्डे पाडते आणि जाळी तिथूनच फाटते. तारेचा ब्रश आणि सुई यांनाही हात लावू नका.

जाळी नीट साफ झाली का, हे नुसते बघून कळत नाही. शेवाळाचा आणि जिवाणूंचा एक पातळ बुळबुळीत थर बसतो. जाळी चकचकीत दिसते आणि पाणी मात्र तिच्यावरून घरंगळून जाते. जाळी उन्हाच्या दिशेने धरावी. प्रत्येक छिद्रातून उजेड दिसला तर ठीक. जागोजागी अंधूक ढग दिसले तर साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून परत घासावी. पावसाळ्यात साध्या डब्याला आठवड्यातून एकदा, स्वतः साफ होणाऱ्याला महिन्यातून एकदा एवढी सेवा पुरते. ‘देखभालीची गरज नाही’ हे वाक्य जाहिरातीपुरतेच समजावे.

काही जण विचारतात, यापेक्षा पिंपात वाळू-खडी भरून घरीच फिल्टर केला तर? गाळायला तो भिंतीवरच्या डब्यापेक्षा बारीक, पण फार हळू. २०० लिटरच्या पिंपाचा व्यास साधारण ५७ सेंमी, म्हणजे वाळूचा पृष्ठभाग पाव चौरस मीटर. वाळूतून ताशी पाच मीटर वेगाने पाणी सोडले तरी मिनिटाला २१ लिटर. वरचा हिशोब लावला तर जोराच्या पावसात तो जेमतेम १४० चौरस फुटांचे पाणी पेलतो, बाकीचे काठावरून वाहते. पन्हळीचे छोटे छप्पर असेल, पावसाचा जोर कमी असेल तर जमेल. मोठ्या गच्चीला आधी जाळीचा फिल्टर, मग टाकी, आणि लागेल तेवढेच पाणी पिंपातून सावकाश, असा क्रम ठेवला तर दोन्ही आपापल्या जागी चांगले काम देतात.

प्यायच्या पाण्याबद्दल थोडे सविस्तर. ‘पाणी’ हा शब्द संस्कृत ‘पानीय’वरून आला, म्हणजे मुळात पिण्याजोगे ते पाणी. कान्हेरी आणि जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांत खडकात खोदलेल्या टाक्यांना ‘पोढी’ किंवा ‘पानीयपोढी’ म्हटले आहे, आणि डोंगरावरून येणारे पावसाचे पाणी कोरलेल्या चरांतून त्यांत उतरत असे. फिल्टरच्या जाहिरातींत अशा परंपरेचे दाखले सर्रास असतात. पण तो खडकाचा उतार होता, आपली गच्ची म्हणजे कबुतरांचा अड्डा. कोणी दाणे टाकत असेल तर त्या गच्चीचे पाणी फक्त झाडांना, धुण्याला आणि फ्लशला. जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे आणि तेलरंग दिलेले पत्रे यांचेही पाणी पिऊ नये.

स्वच्छ सिमेंटची गच्ची किंवा कौले असतील तर मात्र हे पाणी उत्तम लागते. पावसाचे पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण ५.६. सिमेंटच्या टाकीत राहिले की तो आपोआप वर येतो. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, अगदी कमी, त्यामुळे आरओ लावण्यात काहीच अर्थ नाही. आरओ क्षार काढतो, इथे काढायला क्षारच नाहीत, उलट निम्मे पाणी वाया. युएफ (अतिबारीक पडद्याची गाळणी) आणि युव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) पुरे, आणि युव्हीला पाणी नितळ लागते हे लक्षात ठेवा. यंत्र नको असेल तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर: १,००० लिटरला ५ ग्रॅम. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरिन धरला तर पाण्यात लिटरला १.६५ मिलिग्रॅम पडतो. पावडर बादलीत कालवून गाळ खाली बसू द्या, वरची निवळीच टाकीत ओता, अर्धा तास थांबा, मग ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट करा. पिवळा रंग आला म्हणजे क्लोरिन शिल्लक आहे. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. रंग आलाच नाही तर बहुधा पावडर जुनी असते. उघडे पाकीट ओलाव्यात ठेवले की तिचा जोर झपाट्याने उतरतो.

टाकी केवढी घ्यावी, हे पावसावर नाही तर कोरड्या महिन्यांवर ठरवा. पुण्यात वर्षाला ७०० मिमी धरले आणि गच्चीवर पडलेल्यातले ८० टक्के हाती लागले असे मानले तर हजार चौरस फुटांवरून सुमारे ५२,००० लिटर येतात. रत्नागिरीत ३,००० मिमीच्या हिशोबाने सव्वादोन लाखांच्या आसपास. एवढे साठवायला कोणाकडे जागा नसते. चार माणसांच्या प्यायला-रांधायला रोज ४० लिटर आणि आठ कोरडे महिने, म्हणजे २४० दिवस, असे धरले तर ९,६०० लिटर. दहा हजारांची टाकी बस झाली, बाकीचे जमिनीत सोडा.

जमिनीत सोडायच्या बाबतीत मात्र एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. या फिल्टरमधून निघालेले पाणी थेट बोअरच्या केसिंगमध्ये, म्हणजे बोअरात उतरवलेल्या पाइपात, सोडू नका, विक्रेता कितीही म्हणो. जाळीतून सुटलेला चिकण गाळ काळ्या पाषाणातल्या बारीक भेगांत जाऊन बसतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत बोअर मंदावतो. बोअरभोवती किंवा शेजारी दीड मीटर लांब-रुंद आणि दोन-तीन मीटर खोल खड्डा करा. तळाला ५ ते २० सेंमीचे गोटे, त्यावर ५ ते १० मिमी खडी, वर दीड-दोन मिमीची जाड वाळू. गाळ वाळूवर अडतो, दर उन्हाळ्यात वरचा थर खरवडून काढायचा. खड्डा इमारतीच्या पायापासून तीन मीटर तरी लांब असू द्या. काळ्या मातीत खड्डा तिथेच थांबवला तर पाणी जिरत नाही, माती फुगून बसते. मुरूम लागेपर्यंत खाली जावेच लागते.

सोसायट्यांनी फिल्टर घेण्याआधी एक काम करावे. प्रत्येक मजल्यावरच्या ड्राय बाल्कनीत बादलीभर पाणी ओतून ते कुठून बाहेर पडते ते बघावे. पुण्या-मुंबईच्या कितीतरी इमारतींत वॉशिंग मशीनचे पाणी पावसाच्याच पाइपाला जोडलेले सापडते, कधी बिल्डरने, कधी फ्लॅटच्या नूतनीकरणात परस्पर. फिल्टरच्या कचऱ्याच्या तोंडाशी पांढरा फेस दिसला की समजावे. तो साबण रोज, पावसाळा नसतानाही, तुमच्या बोअरकडे चाललेला असतो. अशी जोडणी तोडल्याशिवाय कुठलाही फिल्टर लावण्यात हशील नाही.

राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवर पावसाचे पाणी साठवण्याची किंवा जिरवण्याची व्यवस्था बंधनकारक आहे, आणि पुणे महापालिका चालू असलेल्या प्रकल्पाला मिळकत करात ५ टक्के सूट देते. सौर किंवा गांडूळखत यातला दुसरा प्रकल्पही असेल तर १० टक्के. सवलतीपुरता डबा भिंतीवर टांगून ठेवणारेही आहेत. त्यांना सगळ्यात स्वस्तातला चालेल.

खरेदी करताना जाळी आणि रबरी रिंग सुट्या मिळतात का, हे बिल करण्याआधी विचारा आणि एक रिंग त्याच दिवशी घेऊन ठेवा. उन्हाने डब्याआधी रिंगच कडक होते, तिथून थेंब थेंब गळायला लागते आणि भिंत ओली होते. जून महिन्यात मग ती रिंग कुठेच मिळत नाही. डबा दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीवर असेल तर त्याला पांढरा रंग देऊन टाका, प्लास्टिक बराच काळ टिकते.